चिंध्या बांधलेली मूठ

मित्रांनो, मला उचलायचे असेल तर आधी हात पुसा. मी जुनी आहे, कोपऱ्यात उभी आहे, तोंडावर ठिगळ आहे, म्हणून कोणीही यावे आणि मला छत्रीसारखे फिरवून पाहावे असे मुळीच नाही. स्केरीहेवनच्या लम्सडेनांच्या घरात आज माझ्याहून थोरले कोणी उरलेले नाही. मी गोल्फची काठी आहे. चेंडू सर्वांत लांब धाडायचा असतो तेव्हा पिशवीतून पहिली जिला काढतात, ती. शाळा मी पाहिलेली नाही. डोक्यावर माझ्या घडवणाऱ्याचे नाव ठोकलेले आहे, तेवढेच माझे अक्षर, आणि तेही मला वाचता येत नाही. पण हात मला वाचता येतात. माझी मूठ धरली की माणूस भित्रा आहे, की बढाईखोर आहे, की काही लपवतो आहे, हे चेंडूला लागण्याआधी मला कळलेले असते.

मला टॅमस लम्सडेनने घडवले. समुद्राकाठच्या मैदानाला लागून त्याचे दुकान होते आणि दुकानाच्या माथ्यावर घर. दोन्ही क्लबच्या मालकीची. मैदानाचा जो शिक्षक असेल त्याने तिथे राहावे, काठ्या घडवाव्या आणि साहेबलोकांना खेळ शिकवावा, अशी रीत होती. टॅमसने माझी चिवट हिकरी लाकडाची दांडी काचेच्या तुकड्याने तासली, डोके बीचच्या लाकडाचे कोरले, पाठीत शिसे ओतले, तळाला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवली. मुठीवर मेंढीचे कातडे गुंडाळले. मग मला पोटभर जवसाचे तेल पाजले. माझे तोंड त्याने इतके सरळ घासले होते की दाराच्या चौकटीला लावून पाहिले तर मधून उजेड दिसत नसे. मला विकायला मात्र त्याने कधी काढले नाही. एडिंबराचा एक वकील मागत होता, त्याला टॅमस म्हणाला, "ही घरची आहे. तुम्ही दुसरी बघा."

टॅमस शिकवायचा ते सोपे होते. "फावडं नाही हे," तो म्हणे. "पाहुण्याचा हात धरतोस तसं धर. डाव्या मुठीकडे बघ. वरून बोटांच्या दोन गाठी दिसल्या पाहिजेत. एक दिसली तर कमी, चार दिसल्या तर तू काहीतरी लबाडी करतोयस." त्याची दोन्ही मुले माझ्यावरच शिकली. थोरली एफी आणि धाकटा निनियन. साहेबलोक जेवायला गेले की मैदान रिकामे होई, तेव्हा टॅमस दोघांना घेऊन येई. एफीचा फटका सरळ होता. निनियनचा लांब होता. मला दोघांचेही हात आवडत. पण कौतुक कोणाचे झाले, ते तुम्हाला सांगायला नको.

मग महायुद्ध लागले. निनियन फ्लँडर्सच्या चिखलात गेला. त्याच्या मागे एका हिवाळ्यात टॅमसची छाती भरली आणि तो गेला. क्लबने त्याची जागा भरली नाही. पोरगा परत आला तर बघू, म्हणाले. दुकानात एफी आणि तिची आई ग्रिझेल अशा दोघी उरल्या. एफी मोसमात बंदरावर हेरिंग मासे चिरायला जाई. तिथल्या बायका चाकू लागू नये म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या घट्ट बांधतात. एफीच्या बोटांवरच्या चिंध्यांना खाऱ्या पाण्याचा आणि माशांचा वास इतका मुरला होता की ती दुकानात आली की मला न बघता कळे. ग्रिझेल तांडेलाची लेक. पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. तिच्यापुढे गावातला पाद्रीही बेताने बोले.

लढाई संपली आणि निनियन आला. हात, पाय, डोळे सगळे जागच्या जागी. गावाने देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्याने मला भिंतीवरून काढले, आणि मूठ धरताच मला कळले की काहीतरी गेलेले आहे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे माझ्यावर टेकलेली होती, पण धरत नव्हती. लाकडावर लाकूड ठेवावे तशी. मनगटाजवळ तोफगोळ्याची एक बारीक कपची शिरून गेली होती. वरून नखाएवढा व्रण, बाकी काही नाही. त्याने कोणाला सांगितले नाही. दोन बोटे मेलेला माणूस मैदानाचा शिक्षक कसा होणार, आणि शिक्षक झाला नाही तर आईने आणि बहिणीने राहायचे कुठे? म्हणून त्याने दोन्ही बोटे लपवली, आणि मला धरता यावे म्हणून डावा हात माझ्यावरून उजवीकडे पार पालथा घातला. वरून चारही गाठी दिसू लागल्या. उजव्या हाताने तर त्याने माझा गळाच आवळला.

मित्रांनो, पुढचे नीट ऐका, कारण गावाने ते ऐकले नाही. हात असा पालथा घालून काठी मागे उचलली, तरी खाली येताना हात आपल्या मूळच्या जागी परतू बघतो. तो सरळ झाला की त्याच्याबरोबर काठीचे तोंड डावीकडे मिटते. मिटलेल्या तोंडाने मारलेला चेंडू आधी बरा निघतो, बघणारा वाहवा म्हणतो, आणि मग तो डावीकडे वळतो, बुडी मारतो आणि जमिनीवर पडूनही पळत सुटतो. मासा धरायच्या गळासारखे त्याचे वळण असते. या खोडीला हुक म्हणतात. ती वाऱ्यातून येत नाही. हातातून येते.

क्लबचे कप्तान बेथ्यूनसाहेब एक दिवस दुकानात आले. मोठे सभ्य गृहस्थ; वाईट बातमी सांगताना टोपी काढून हातात धरत.

"निनियन, तुझ्या बापाची जागा आम्ही राखली ती त्याच्या नावासाठी," ते म्हणाले. "पण जो स्वतः डावीकडे मारतो तो लोकांना सरळ मारायला काय शिकवणार? पलीकडच्या किनाऱ्यावरचा एकजण ही जागा मागतोय."

"साहेब, लढाईतून आलाय तो," ग्रिझेल म्हणाली. "त्याला जरा श्वास तरी घेऊ द्या."

"घेऊ दे की, लम्सडेनबाई. शरदातल्या सामन्यापर्यंत घेऊ दे. तिथे सरळ मारलं तर जागा त्याची."

त्या दिवशी स्वयंपाकघरात ओटच्या पिठात घोळलेले हेरिंग तव्यावर होते आणि कोणी जेवत नव्हते. मी दाराशी टेकलेली होते.

"माझ्या बापाने जन्मभर याच बंदरात बोट आणली," ग्रिझेल निनियनला म्हणाली. "पाण्याची ओढ डावीकडे असली की तो नाक उजवीकडे धरायचा. बोट आपसूक धक्क्याला यायची. तू समुद्राकडे नेम धर. वळायचं तेवढं वळू दे, येईल जागेवर."

"आई, बोटीला पाणी ढकलतं," एफी म्हणाली. "याच्या चेंडूला कोण ढकलतंय?"

"वारा."

"आज वारा कुठे होता?"

"तू हेरिंग चिर. खेळातलं तुझ्या बापाला कळायचं, आणि तो मातीत आहे."

"मला फक्त एवढंच म्हणायचंय की याने एकदा मूठ दाखवावी."

"काय दाखवायचंय मूठ?" निनियन एकदम ताटावरून उठला. "मूठ काय पहिल्यांदा बघतेयस माझी?"

एफीने ताटे उचलली. आणि सगळा गाव ग्रिझेलच्या बाजूचा होता, हेही सांगते. त्या गावात रांगणारे पोरही ओढीच्या उलट नाक धरायला शिकते. बंदराच्या भिंतीवर पाइप ओढत बसलेले म्हातारे त्याला ओरडून सांगत, "अजून थोडा बाहेर धर रे, निन. अजून थोडा." बोटीसाठी ते शंभर हिश्श्यांनी खरे आहे. पण बोटीची ओढ बाहेर असते. याची ओढ याच्या मनगटात होती.

शेवटच्या खळग्याकडे, म्हणजे झेंडा रोवलेल्या ज्या खड्ड्यात चेंडू पाडायचा त्याकडे, खेळताना उजव्या हाताला समुद्र येतो, आणि डाव्या हाताला, घरांच्या पुढ्यात, वाळवणाची हिरवळ. खांब, दोऱ्या, आणि गवतावर पसरलेल्या चादरी. गावच्या बायकांचा तो हक्क क्लबच्याही आधीचा. रीत अशी की मारणाऱ्याने तिकडे बघावे, बाई दिसली तर 'फोर' म्हणून आरोळी द्यावी, आणि बाई खाली वाकेपर्यंत थांबावे. टॅमस तर चिटपाखरू नसले तरी आरोळी देई.

निनियन समुद्राकडे नेम धरू लागला आणि हुक वाढला. मला त्यात नवल वाटले नाही. तो मला उजवीकडे, समुद्राच्या दिशेने झोकायचा, आणि माझे तोंड मात्र डावीकडे मिटलेले. या दोहोंतले अंतर जितके जास्त, तितका चेंडू गरगरतो आणि तितका जास्त वळतो. चेंडू जास्त वळला की हा आणखी बाहेर नेम धरी. आणखी बाहेर धरला की चेंडू आणखी वळे. जखमेला टोचून टोचून बरी करणारा वैद्य तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला.

नंतर त्याने दोष माझ्यावर ढकलला. टॅमसची कानस काढली, मला शिकंज्यात आवळले आणि माझ्या तोंडाची टोकाकडची बाजू घासून मागे नेली, म्हणजे मी जन्मतः उजवीकडे बघावे. टॅमसने उजेड शिरू दिला नव्हता तिथे आता बोट शिरले असते. भुसा जमिनीवर पडला आणि ग्रिझेलने तो केरात भरला. मी ओरडले नाही. लाकूड ओरडत नाही. काही दिवस चेंडू बरे गेले, मग त्याचा हात आणखी पालथा झाला आणि हुक परत आला. मूळ हातात असताना तोंड कापून काय होणार होते.

सामन्याच्या आधीच्या संध्याकाळी, चांगला उजेड असताना, तो मला घेऊन शेवटच्या खळग्याच्या सुरुवातीला आला. ओल्या वाळूची ढेकळी केली, वर चेंडू ठेवला. पाय इतके उजवीकडे वळवले की समोर नुसते पाणी. वाळवणाच्या हिरवळीवर एफी चादरी काढत होती. निनियनने आरोळी दिली नाही. मी समुद्राकडे मारतोय, इकडे कशाला ओरडायचे, असे त्याच्या मनात. त्याच्या मनात काय होते हे मला ठाऊक आहे, कारण उजवी मूठ माझ्यावर आवळली गेली ती निर्धास्त माणसाची होती.

चेंडू पुळणीवरून बाहेर गेला. बराच बाहेर. मग पाण्याच्या कडेला तो जणू कोणी हाक मारल्यासारखा वळला आणि घरांकडे येऊ लागला. निनियनने तोंड उघडले, पण आवाज फुटायला उशीर झाला. एफीच्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते. हाक ऐकून ती वळली. वळली नसती तर पाठीला लागला असता.

चादर तिने खाली पडू दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून ती गवतावर गुडघ्यांवर बसली, आणि चादर भिजत गेली.

डावा डोळा गेला. डॉक्टरांनी तो काढून टाकला, उरलेला वाचावा म्हणून. सामन्याला निनियन गेला नाही. बेथ्यूनसाहेब संत्री घेऊन आले, टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले की माणुसकी म्हणून निर्णय वसंतापर्यंत पुढे ढकलला आहे.

"आणि खरं सांगू का," ते म्हणाले, "बायकांनी मैदानाच्या इतक्या शेजारी यायलाच नको."

"साहेब," पट्टीखालून एफी म्हणाली, "मैदान आमच्या शेजारी आलंय. दोऱ्या आधीच्या आहेत."

त्या हिवाळ्याबद्दल मला जास्त सांगवत नाही. ग्रिझेलने मला कोळशाच्या खोपट्यात फेकले. वरून पाणी गळे. मुठीचे कातडे सुटले, दांडीला बाक आला, शिंगाच्या पट्टीखाली बुरशी चढली. ज्या घराण्यात मी कौतुकाने वाढले तिथे माझ्या डोक्यावर कोळसा रचला गेला. भिंतीपलीकडून ग्रिझेलचा आवाज येई, पण बोटीचे नाव तिच्या तोंडून पुन्हा आले नाही. बंदरात भरलेली बोट नाक तिरके धरून येताना दिसली की ती खिडकी लावून घेई. निनियन दुकानात बसून दुसऱ्यांच्या काठ्या दुरुस्त करी. मैदानावर पाय ठेवत नसे. एफी पुन्हा हेरिंग चिरायला गेली, पण एका डोळ्याला चाकू नेमका किती लांब आहे ते कळत नाही. बोटे कापून घेऊन ती परत आली. तिथे तिघीतिघींची टोळी असते. तिच्या दोघींनी तिसरी शोधली. दोघी रडल्या म्हणे. पण शोधली.

बर्फ वितळायला लागले होते त्या सुमारास एफीने मला बाहेर काढले. तिच्या हातांवर ताज्या जखमा होत्या. तिने मला एप्रनने पुसले, स्वयंपाकघरात नेले आणि टेबलावर आडवे ठेवले. ग्रिझेल उठून उभी राहिली.

"ते घरात आणायचं नाही."

"बस, आई," एफी म्हणाली. "निन्या, तू चुलीजवळ ये. ती किटली उचल."

निनियनने डाव्या हाताने किटली उचलली.

"आता बघ स्वतःच्या हाताकडे."

शेवटची दोन बोटे तापलेल्या पत्र्याला टेकलेली होती. कातडी करपल्याचा वास आम्हा सर्वांना आला. त्याला मात्र चटका जाणवला नाही.

"रविवारी पण तू ही किटली अशीच धरून बसला होतास," एफी म्हणाली. "मला एकच डोळा आहे, पण वासाला नाक आहे ना. कधीपासून?"

निनियनने किटली खाली ठेवली. तो बोटांवरच्या फोडांकडे बघत राहिला, दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा.

"फ्लँडर्सपासून," तो म्हणाला.

"आणि आम्हाला सांगायचं नाही."

"काय सांगायचं? जागा गेली असती. घर गेलं असतं."

"हो ना. म्हणून माझा डोळा गेला."

ती हे चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बरे झाले असते. ग्रिझेलने तोंडाला एप्रन लावला आणि भिंतीकडे वळून बसली. त्या घरात ग्रिझेलची पाठ वाकलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मग एफीने आपल्या बोटांवरच्या चिंध्या सोडल्या. माझे सडके कातडे उपटले, आणि डावा हात जिथे येतो तिथे त्या चिंध्या एकीवर एक घट्ट गुंडाळल्या. मूठ तिथे जाड झाली. मेलेल्या बोटांना मिटावे लागू नये, नुसते टेकले तरी भरल्यासारखे वाटावे, इतकी जाड. वरून नवे कातडे चढवले. निनियनची दोन बोटेही तिने शेजारच्या जिवंत बोटाला चिंधीने बांधून टाकली, म्हणजे एकाच्या आधाराने तीन चालतील. निनियनने माझी घासलेली बाजू कोरून तिथे चामड्याचे ठिगळ बसवले आणि दाराच्या चौकटीला लावून पाहिले. उजेड दिसेना. ठिगळ ते ठिगळच, पण तोंड पुन्हा सरळ झाले.

शिकायचे मात्र त्याला पहिल्यापासून होते. डावा हात मागे फिरवायचा, वरून दोनच गाठी दिसतील इतका. उजव्या हाताने आवळायचे नाही. पाय सरळ, खांदे सरळ, समुद्राकडे काही नाही. आधी कमरेइतकाच फटका. एफी पुढ्यात उकिडवी बसे आणि उरलेला डोळा त्याच्या मुठीवर ठेवी.

"तीन दिसतायत."

"दोनच आहेत."

"मला एका डोळ्याने तीन दिसतात, तुला दोन डोळ्यांनी दोन. कोणाचं खरं?"

त्याने हात फिरवला.

सुरुवातीला चेंडू उजवीकडे, अशक्तासारखे पडत. बंदरावरचे म्हातारे हसत; निनचा फटका आता पाद्रीबाईंसारखा झाला, म्हणत. निनियनचा हात पुन्हा पालथा व्हायला बघे. लांब मारणाऱ्याला आखूड मारणे फार झोंबते. मग एफीने त्याला दुसरी गोष्ट दाखवली. चेंडूला लागायच्या क्षणी त्याचे पोट थबकत होते. अंग थांबले की हात एकटेच पुढे धावतात आणि एकमेकांवर गुंडाळले जातात, आणि तोंड पुन्हा मिटते. "पोट फिरव," ती म्हणे. "थांबू नकोस. मारून झाल्यावर तुझी बेंबी झेंड्याकडे बघायला पाहिजे." हळूहळू चेंडू सरळ जाऊ लागले. पूर्वीइतके लांब नाहीत. पण सरळ. एका खळग्यावर मात्र तो कधीच खेळला नाही. शेवटच्या.

वसंतातली परीक्षा क्लबच्या सगळ्या मंडळींपुढे झाली. पलीकडच्या किनाऱ्यावरचा माणूस आला होता; भला होता बिचारा, त्याचेही घर होते. बेथ्यूनसाहेबांनी निनियनच्या बोटांवरच्या चिंध्या पाहिल्या.

"हे काय?"

"दोन बोटं मेलीत, साहेब. लढाईत."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

मागून ग्रिझेल म्हणाली, "सांगितलं असतं तर जागा राखली असती का?"

बेथ्यूनसाहेबांनी समुद्राकडे पाहिले आणि खेळ सुरू करा म्हणाले.

शेवटच्या खळग्याशी दोघे बरोबरीत आले. वाळवणाची हिरवळ त्या दिवशी क्लबने रिकामी करवून घेतली होती. निनियन चेंडूपाशी उभा राहिला आणि त्याचे हात गार पडले. मूठ त्याने बरोबर धरली होती. पण पाय सरकत होते. बोटाबोटाने, त्याच्याही नकळत, समुद्राकडे. डावीकडच्या त्या मोकळ्या गवतापासून दूर.

एफी घरांच्या रांगेतून बाहेर आली. काखेत कपड्यांची टोपली. ती हिरवळीवर चालत गेली आणि बरोबर त्या जागी उभी राहिली.

"तिला बाजूला करा," बेथ्यूनसाहेब म्हणाले.

"ही आमची वाळवणाची जागा आहे, साहेब," एफीने तिथून सांगितले. मग भावाला म्हणाली, "निन्या, समुद्राकडे मारलंस तर चेंडू कुठे येतो ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. मी इथून हलत नाही. मला वाचवायचं असेल तर सरळ मार."

ग्रिझेल एकदा पुढे झाली आणि थांबली. निनियनने पाय उचलले आणि झेंड्याकडे सरळ टेकवले. डावीकडे पाहिले. मग मुठीकडे: वरून दोन गाठी. मग त्याने आरोळी दिली, "फोर", टॅमस देई तशी, लांबलचक. एफी खाली वाकली नाही. उरलेला डोळा त्याच्यावर ठेवून उभी राहिली.

त्याने मारले. पोट थांबले नाही. चेंडू माझ्या ठिगळाच्या मधोमध लागला आणि निघाला. तो वळला नाही. झेंड्याच्या वाटेवर पडला, दोनदा उडाला आणि थांबला. एफीने टोपलीतून चादर काढली, झटकली आणि दोरीवर घातली. चिमटे एकेक करून लावले.

तो खळगा निनियनने जिंकला आणि जागा त्याला मिळाली. घर राहिले. गोष्ट इथे संपली असती तर तुम्ही टाळ्या वाजवून खेळायला गेला असता. पण त्याच आठवड्यात क्लबची सभा झाली. हिरवळीवर एका बाईचा डोळा गेला आहे आणि परवा तीच बाई पुन्हा मध्ये आली, तेव्हा बायकांच्या सुरक्षेसाठी वाळवण कायमचे बंद, असे ठरले. खांब उपटायचे. आणि मैदानावरचे कोणतेही काम शिक्षकाकडे असते.

निनियन कुदळ घेऊन निघाला तेव्हा ग्रिझेल दारात उभी होती.

"उपटणार?"

"नाही म्हणालो तर घर जाईल, आई."

ग्रिझेल दारातून बाजूला झाली.

एफीने त्याच्या पुढे पुढे जाऊन दोऱ्या सोडल्या, कोपरावर गुंडाळल्या आणि टोपलीत ठेवल्या. खांब निघाले. बायका खिडक्यांतून बघत होत्या.

"खड्डे नीट बुजव," एफी म्हणाली. "कोणाचा तरी पाय मोडेल."

त्यानंतर गावच्या बायका ओल्या कपड्यांची ओझी पार टेकडीवर नेऊ लागल्या. एफीला कोणी टाकून बोलले नाही. पण वाटेत थांबेही कोणी नाही.

निनियनने म्हातारा होईपर्यंत लोकांना शिकवले. कोणी आला की फटका बघायच्या आधी म्हणे, "हात दाखवा." साहेब असो की सुतार, हात उलटा सुलटा करून बघे, बोटे एकेक दाबून विचारी, लागतंय का. लोकांना ते विचित्र वाटे. एफी दुकानात बसून मुठी गुंडाळी. एका डोळ्याने, नुसत्या स्पर्शावर. तिने गुंडाळलेली मूठ कधी सुटली नाही. आता दोघेही टॅमसच्या शेजारी आहेत. ग्रिझेल त्यांच्या आधी गेली. शेवटच्या आजारात म्हणे तिने पलंग खिडकीकडून हलवायला लावला होता.

आणि मी इथे, भिंतीला टेकून. दांडीला बाक आहे, शिसे सैल झाले आहे. परवा एक शहाणा मला बघायला आला होता. मूठ फुगलेली आहे, ही काही मूळची नव्हे, सोडून नीट करून घ्या, म्हणाला.

मित्रांनो, मला जवसाचे तेल द्या. वर्षातून एकदा दिले तरी पुरे. ओलीपासून दूर ठेवा, उन्हात टाकू नका. कातडे फाटले तर नवे चढवा. जमले तर चेंडू वाकडा गेला की माझ्या तोंडाकडे कानस आणण्याआधी स्वतःची मूठ बघा, आणि तिथे काही दुखत असेल, मेले असेल, तर घरच्यांना दाखवा. पण कातड्याखालच्या चिंध्यांना हात लावू नका. पावसाळी हवेत त्यांना अजून हेरिंगचा वास येतो. त्या एफीने बांधल्या आहेत, आपली बोटे उघडी ठेवून. त्या तशाच राहू द्या.